पाच अक्षरांचा कंटाळा

पुन्हा तेच! कुणीतरी सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेच्या हेडर फाइलीत, म्हणजे इतर फाइलींत जोडायच्या सामाईक फाइलीत, ‘यूजिंग नेमस्पेस एसटीडी’ खरडून ठेवलंय; म्हणजे भाषेच्या प्रमाण लायब्ररीतली (एसटीडीतली) सगळी नावं मागेपुढे काही न लावता वापरायची मुभा. अरे बाबा, ती फाइल जो जो इन्क्लुड करेल, त्याच्या घरात तुझं अख्खं बिऱ्हाड घुसतं! आज प्रोजेक्ट भाषेच्या नव्या आवृत्तीवर, सी प्लस प्लस १७ वर नेला, तर ‘बाइट’ हे नाव संदिग्ध म्हणून एररींचा पाऊस. का, तर विंडोजच्या हेडरांत एक ‘बाइट’ आधीपासून होताच, १७ मध्ये एसटीडीतही आला. माझ्या कोडात बाइटचा ‘ब’सुद्धा नाही! नावाआधी एसटीडी आणि दोन कोलन, एवढं टाइप करताना बोटं झिजतात का? सी प्लस प्लस २० पासून हेडरांऐवजी वापरायला मॉड्यूल आहेत, त्यातून हा पसारा बाहेर सांडत नाही. पण ते सुचवलं की साहेब म्हणतात, ‘पुढच्या रिलीजला बघू.’ तीन वर्षं बघतोच आहोत.