तपकिरी पाणी आणि माझं चुकलेलं एक वाक्य

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण ती घाईत निकालात काढण्यासारखी नव्हती. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रूझ जहाजाच्या केबिनमधल्या नळाला कधीकधी पिवळसर किंवा तपकिरी पाणी येतं. त्याबद्दल मी लिहिलं होतं की हा रंग बहुतेक वेळा गंजाचा असतो, त्यानं काही होत नाही, नळ दहा मिनिटं सोडून ठेवा. तुम्ही लिहिलंत की तुमच्या केबिनमध्ये सातही दिवस सकाळी तपकिरी पाणी आलं. पंधरा मिनिटांनी ते निवळायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. सोबत फुप्फुसाचा जुना आजार असलेले सासरे होते. तक्रार केल्यावर जहाजावरच्या माणसानं जे उत्तर दिलं, ते जवळजवळ माझ्याच लेखातलं वाक्य होतं. पुढे तुम्ही विचारलंत की समुद्राच्या पाण्याची वाफ करून बनवलेल्या पाण्यात गंज येतोच कुठून, सांडपाणी मिसळत असणार. आणि मी स्वतः जहाजावर इंजिनियर होतो म्हणून जहाजवाल्यांची कड घेतो.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात जास्त लागला. कड घेण्याचा हेतू नव्हता, पण लेख लिहिताना माझी नजर इंजिनरूममधलीच राहिली, हे खरं. मी फोर्थ इंजिनियर असताना फ्रेशवॉटर जनरेटर, म्हणजे समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, माझ्याकडे असायचा. केबिनमधल्या तपकिरी पाण्याची तक्रार खाली यायची ती कामाच्या एका चिठ्ठीच्या रूपात: अमुक डेक, अमुक केबिन. प्लंबर जायचा, नळ सोडून ठेवायचा, पाणी निवळलं की चिठ्ठी बंद. त्या नळाखाली उद्या सकाळी कोण उभं राहणार आहे, त्याचं वय काय, त्याला श्वासाचा त्रास आहे का, हे चिठ्ठीवर कधीच नसायचं. मी तसाच, चिठ्ठी बंद करणाऱ्याचा लेख लिहिला. ‘त्यानं काही होत नाही’ हे वाक्य मी लेखातून काढलं आहे आणि ते का काढलं याची टीपही तिथे टाकली आहे.

तरी त्या वाक्याचा एक भाग बरोबर होता, तो आधी वेगळा करू. पाण्यातल्या लोहासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेलीच नाही. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर आणि बेसिनवर डाग पडायला लागतात, त्याच्या आगेमागे चवही जाणवू लागते. पिण्यात चार घोट गेले म्हणून कुणी आजारी पडत नाही. म्हणजे रंग हे विष नाही. माझी चूक पुढची होती. रंग विष नाही म्हणून पाणी ठीक आहे, असं मी गृहीत धरलं.

आता गंज कुठून येतो ते. जहाजाला गोडं पाणी तीन वाटांनी मिळतं. एक, बंदरातून भरून घेतलेलं. दुसरं, इव्हॅपोरेटरमध्ये इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून. तिसरं, रिव्हर्स ऑस्मोसिसचं, म्हणजे प्रचंड दाबानं पडद्यातून गाळलेलं. तुम्ही म्हणता तसं वाफेचं पाणी खरोखरच जवळजवळ क्षाररहित असतं, आणि गडबड तिथेच सुरू होते. ज्या पाण्यात कॅल्शियम, बायकार्बोनेट काहीच उरलेलं नाही, ते पाइपाच्या आत संरक्षक थर बसू देत नाही आणि धातू सरळ विरघळवायला लागतं. म्हणून टाकीत जाण्याआधी त्यात मुद्दाम क्षार परत मिसळतात. ते पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या किंवा डोलोमाइटच्या थरातून जाऊ देतात आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा; कमी असेल तितकं आम्लधर्मी) वर आणतात. हे मिश्रण नीट जमलं नाही, की पाणी पाइप खायला लागतं.

इथे एक ओढाताण आहे, जी प्रवाशांना कधी कुणी सांगत नाही. पीएच जितका चढा, तितका पाइप सुरक्षित. पण पीएच साडेसातच्या वर जाऊ लागला की क्लोरीनचा जंतू मारणारा भाग निम्म्याहून कमी होत जातो. म्हणून अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, जहाज-स्वच्छता कार्यक्रमात पीएच ७.८ च्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलेलं आहे. पाइप जपायचा की क्लोरीन, या अरुंद पट्ट्यात इंजिनियरला रोज चालावं लागतं. आणि वाफेचं पाणी म्हणजे उकळलेलं पाणी, हा समजही काढून टाका. इव्हॅपोरेटरमध्ये निर्वात करून समुद्राचं पाणी ५० अंशांच्या आसपासच उकळवतात. तेवढ्या उष्णतेनं जंतू मरतीलच याची खात्री नसते, म्हणून त्या पाण्यालाही क्लोरीन द्यावंच लागतं.

सांडपाण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. क्रूझ जहाजांवरचे संडास बहुतेक निर्वातावर चालतात. त्या पाइपांमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे भेग पडली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मैला सहसा बाहेर येत नाही. पिण्याच्या पाण्याचे पाइप निळ्या रंगानं किंवा निळ्या-हिरव्या-निळ्या पट्ट्यांनी ओळखायला वेगळे केलेले असतात आणि जिथे उलटा प्रवाह येऊ शकतो तिथे तो अडवणारी साधनं बसवलेली असतात. पाण्याला मैल्याचा वास आला किंवा ते खारट लागलं, तर ती गोष्ट वेगळी. मग तो नळ बंद करून लगेच कळवायचं, निवळण्याची वाट बघायची नाही. तुम्ही वास किंवा खारटपणाबद्दल काही लिहिलेलं नाही. तुमच्या वर्णनातलं सगळ्यात बोलकं वाक्य दुसरंच आहे.

‘रोज सकाळी यायचं, पंधरा मिनिटांनी निवळायचं.’ ताई, यात अर्धं निदान आहे. खवळलेल्या समुद्रात टाकीच्या तळाचा गाळ ढवळला गेला असता किंवा टाकीच्या आतला एपॉक्सी रंग उखडून पत्रा गंजला असता, तर आजूबाजूच्या केबिनींनाही तेच पाणी आलं असतं आणि त्याला वेळेचं असं बंधन नसतं. रात्रभर थांबून सकाळी पहिल्यांदा येणारा रंग तुमच्या केबिनच्या जवळच्याच पाइपात तयार होत होता. मुख्य पाइपातलं पाणी सतत फिरतं. केबिनकडे जाणाऱ्या फाट्यातलं पाणी मात्र तुम्ही नळ सोडेपर्यंत जागचं हलत नाही.

माझ्याच नोकरीतली गोष्ट सांगतो, जहाजाचं आणि कंपनीचं नाव बाजूला ठेवून. ड्राय डॉकमधून, म्हणजे जहाज दुरुस्तीसाठी कोरडं उभं करतात त्या गोदीतून, बाहेर पडल्यावर एका डेकच्या चार-पाच केबिनींतून रोज तक्रार यायची. आम्ही रोज पाणी सोडायचो, रोज निवळायचं, रोज चिठ्ठी बंद व्हायची. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी एका जुन्या प्लंबरनं बाथरूममागचं पॅनल उघडलं, तर दुरुस्तीत जागा बदललेल्या एका नळाचा जुना पाइप तसाच राहिलेला, हातभर लांब, टोकाला बूच. आमच्या भाषेत डेड लेग. त्यात महिनोन्‌महिने साचलेलं पाणी आणि चिखलासारखा गंज होता. नळ उघडला की त्यातलं थोडं थोडं ओढलं जायचं. तो तुकडा कापून काढला आणि तक्रारी थांबल्या. बारा दिवस आम्ही पाण्याच्या रंगाकडे बघत होतो, पाइपाकडे कुणीच बघितलं नाही.

आता मूळ लेखात जे यायलाच हवं होतं, ते. सीडीसीच्या त्याच नियमांनुसार नळापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे अजून जंतू मारू शकणारं, क्लोरीन उरलेलं असायला हवं, आणि ५ च्या वर नको. पण पाइपातून नुकतंच विरघळलेलं लोह क्लोरीन खातं. १ मिलिग्रॅम लोहाचा गंज होताना ०.६ मिलिग्रॅमच्या थोडं वर क्लोरीन संपतं. म्हणजे ज्या ०.३ मिलिग्रॅमला डाग दिसायला लागतात, तेवढं लोह एकटं किमान क्लोरीन जवळजवळ पुरतं संपवू शकतं. गंज आधीच पूर्ण झालेला असेल तर तो क्लोरीन फारसं खात नाही, हेही खरं. पण रात्रभर थांबलेल्या फाट्यात पाइप गंजायची क्रिया चालूच असते. त्यामुळे सकाळच्या तपकिरी पाण्याकडे मी आता असं बघतो: इथे पाणी थांबलं होतं, आणि त्याला राखणारं क्लोरीन बहुधा संपलं आहे.

क्लोरीन नसलेलं, थांबलेलं, कोमट पाणी लिजिओनेला या जंतूला मानवतं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलातल्या साथीनंतर तो ओळखला गेला. साधारण २५ ते ४५ अंशांत तो वाढतो, गंज आणि बुळबुळीत थर त्याला आसरा देतात. आणि तो मुख्यतः पिण्यातून बाधत नाही, तर पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेल्यावर न्यूमोनिया होतो. १९९४ मध्ये एका क्रूझ जहाजावर ५० प्रवाशांना हा न्यूमोनिया झाला होता. तिथे उगम केबिनचा नळ नव्हता, गरम पाण्याचं व्हर्लपूल, म्हणजे पाणी घुसळणारा बसायचा टब, होतं. तपकिरी पाणी म्हणजे लिजिओनेला, असं मी अजिबात म्हणत नाही. पण पिऊ की नको यावर मी लेखाची चार पानं खर्च केली आणि शॉवरबद्दल एक ओळ लिहिली नाही. ज्याच्या फुप्फुसाला आधीच त्रास आहे, त्याच्यासाठी शॉवरचाच प्रश्न मोठा होता. सर्व प्रवाशांना बाटलीबंद पाणी द्यायची सक्ती करा, ही तुमची सूचनाही याच कारणानं मला अपुरी वाटते. बाटलीनं तोंड धुता येईल, आंघोळीच्या तुषारांचं काय?

सासऱ्यांबद्दल एक दिलासा. लिजिओनेलाच्या न्यूमोनियाची लक्षणं सहसा दोन ते चौदा दिवसांत दिसतात. तुम्हाला परत येऊन दोन महिने झाले आणि ते बरे आहेत असं लिहिलंत, त्यामुळे त्या प्रवासाची ही काळजी आता सोडायला हरकत नाही. पुढे कधी प्रवासानंतर ताप, खोकला, धाप असं काही झालं तर डॉक्टरांना जहाजावर होतो हे आवर्जून सांगा. सांगितल्याशिवाय लिजिओनेलाची चाचणी बऱ्याचदा होत नाही.

पुढच्या वेळी असं पाणी दिसलं तर काय करायचं? पहिल्या दिवशी केबिनमध्ये शिरल्यावर, रंग दिसो न दिसो, शॉवरचं डोकं खाली जाळीजवळ धरून पाणी सोडा आणि दार लावून बाहेर या. गरम आणि थंड दोन्ही वेगवेगळं, काही मिनिटं. हे सासऱ्यांनी करायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचं. पाणी तपकिरी असेल तर पारदर्शक ग्लासात घेऊन फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. ग्लासात पांढुरकं दिसून तळापासून वर निवळत गेलं, तर ती नुसती हवा. काळे कण बहुधा मँगनीजचे किंवा झिजलेल्या रबरी वॉशरचे, निळसर-हिरवी छटा तांब्याची. ती दिसली तर ते पाणी पिऊ नका.

मग तक्रार करताना ‘पाणी घाण आहे’ एवढंच म्हणू नका. म्हणा, ‘माझ्या केबिनच्या नळाचं मोकळं क्लोरीन मोजा आणि मला आकडा सांगा.’ पाण्यात पूड टाकून गुलाबी रंग किती गडद येतो ते बघायचं, दोन-तीन मिनिटांचं काम आहे; साधन जहाजावर असतंच. मुख्य पाइपाच्या दूरच्या टोकाला क्लोरीनची अखंड नोंद ठेवणारं यंत्रही असतं. ते दाखवून तुम्हाला सगळं ठीक आहे असं सांगितलं जाईल, आणि ते खोटंही नसेल. पण ते फिरत्या पाण्याचं मोजमाप आहे, तुमच्या फाट्यातल्या थांबलेल्या पाण्याचं नाही. म्हणून आकडा तुमच्याच नळाचा मागायचा, तोही सकाळी, पाणी सोडून देण्याआधी. तो ०.२ च्या खाली आला किंवा दोन सकाळी लागोपाठ रंग आला, तर केबिन बदलून मागा. जहाज परदेशातून अमेरिकेच्या बंदरांत जाणारं असेल तर सीडीसी त्याची अचानक तपासणी करते, १०० पैकी ८६ गुण मिळाले तरच पास, आणि ते अहवाल कुणालाही वाचता येतात. तिकीट काढण्याआधी त्यातला पिण्याच्या पाण्याचा भाग बघून घ्या.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती आणि मला ती हवी आहे. सकाळचा तो रंग थंड नळाला होता की फक्त गरम? फक्त गरमला असेल तर मी वर सांगितलेलं निदान बदलतं. मग संशय पाणी तापवायच्या टाकीवर किंवा गरम पाण्याच्या फाट्यावर जातो, आणि तिथलं पाणी नळाशी ५० अंशांच्या वर येत होतं का हा प्रश्न उरतो. आठवत असेल तर खाली लिहा, म्हणजे लेखातला तो भाग मला नीट दुरुस्त करता येईल.