गॅस भरून घ्या

गाडीचा एसी आवाज करायला लागला की निदानाला मेकॅनिकच पाहिजे असं आपल्याकडे काही नसतं. सोसायटीचा वॉचमन करतो, इस्त्रीवाला करतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस मठ्ठा पिता पिता करतो, आणि सगळ्यांचं निदान एकच, गॅस. कूलिंग नाही, गॅस. वास येतो, गॅस. खुळखुळ येते, "अहो मग गॅस भरून घ्या की!"

आता हा गॅस म्हणजे आर १३४ए, छोट्या गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि तो बंद पाइपांमधून गोल गोल फिरत असतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, ते शोधा. पण हे कोणाला सांगायला जावं तर समोरचा आपल्याकडे असं बघतो की बिचाऱ्याने गॅस भरायचे पैसे वाचवायला केवढं वाचन केलंय.

तर आमच्या गाडीचा आवाज. पुण्यातला एप्रिल, रस्ते तापलेले, आणि एसी लावला की डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने खुळखुळ, मधेच फर्रर्र, मग गप्प. ही म्हणाली, "अहो खुळखुळ कुठली, टकटक आहे ती." आईचं म्हणणं, "पुढे कोणीतरी चिवडा खातंय." टकटक पण होती म्हणा, पण ती कॉम्प्रेसरचा क्लच लागतो-सुटतो त्याची, निरोगी गाडीतही येते, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं असतं. हे मी समजावून सांगितलं तर ही म्हणाली की तुम्ही दुर्लक्षच करत आलाय म्हणून ही वेळ आली. मे महिन्यात अकोल्याला सासुरवाडीला जायचं होतं. अकोल्याचा मे ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको.

पहिल्या गॅरेजमधल्या पोराने बॉनेट उघडून निळा-लाल गेज लावला आणि काटा नीट थांबायच्या आत म्हणाला, "काका, गॅस कमी आहे." भरला. दोन हजार गेले. आवाज तसाच. "येईल थोडे दिवस, गॅस सेट होऊ द्या." गॅस सेट होतो हे मला नवीन होतं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तर काही न उघडताच कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, अठरा हजार, आणि "नवीनच टाका, जुन्यात पडू नका." माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका, कंपनीत मेंटेनन्सला होते, त्यांनी चालू गाडीच्या बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "बेअरिंग." काका लिफ्टलाही बेअरिंग म्हणतात, मिक्सरलाही, आणि स्वतःच्या गुडघ्यालाही.

त्यात वैताग असा की दोन्ही गॅरेजमध्ये आवाज आलाच नाही. मी आपला तोंडाने काढून दाखवतोय, खुळखुळखुळ, फर्रर्र, आजूबाजूची पोरं हसतायत.

शेवटी कोणीतरी वाकडेवाडीतला एक एसीवाला सांगितला. वयस्कर माणूस, बोलायला कंजूस. त्याने गाडी चालूच केली नाही. नुसती चावी फिरवली आणि ब्लोअर, म्हणजे आतली हवा फेकणारा पंखा, एकवर टाकला. खुळखुळ! माझ्या जिवात जीव आला, निदान वेडा तरी ठरलो नाही. दोनवर जरा कमी, तीनवर फर्रर्र, चारवर गायब. मग म्हणाला, "इंजिन बंद, म्हणजे बेल्ट बंद, म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग वाजतंय कोण?" अठरा हजार तिथल्या तिथे वाचले. आणि गॅरेजमध्ये आवाज का यायचा नाही तेही कळलं, कारण जो तो बसल्या बसल्या पहिलं "फुल करा" म्हणायचा. फुल स्पीडला आत जे काही होतं ते पंख्याच्या कडेला चिकटून गप्प बसत होतं आणि वरून हवेचाच एवढा आवाज.

त्याने ग्लोव्ह बॉक्स काढला (त्यातून संपलेल्या पीयूसी निघाल्या, सुटे लिमलेट निघाले, ते जाऊ द्या), खालून तीन स्क्रू सोडून ब्लोअर अलगद हातात घेतला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. आधी झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. मग चमकी. मग थर्माकोलचा एक तुकडा, बहुतेक नवरीच्या नावातला काना. आणि मग अक्षता, चांगल्या मूठभर, कुंकवाने लाल झालेल्या.

फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न झालं तेव्हा नवरानवरीची गाडी आमची होती. बॉनेटवर फुलांची चादर, निघताना वरातीतल्या सगळ्यांनी उरलेल्या अक्षता काचेवर टाकलेल्या. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी जी जाळी असते तिथूनच बाहेरची हवा ब्लोअरकडे जाते. मधे फिल्टर असतो, पण आमच्या फिल्टरची जागा रिकामी, कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये काढला तो परत बसवायचं कोणाला सुचलंच नाही.

तो माणूस पेपर गोळा करून कचऱ्यात टाकणार तेवढ्यात मागे स्टुलावर बसलेली आई ओरडली, "अहो थांबा, अक्षता आहेत त्या!" मग तो बिचारा, हात ग्रीसचे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक दाणा चमकीतून वेगळा करत बसला. आईने त्या पदराच्या टोकाला बांधल्या, तुळशीत घालायला. नवीन फिल्टरसकट आठशे रुपये झाले, अक्षता निवडायचे त्याने घेतले नाहीत.

आता पुतण्याच्या धाकट्या भावाचं ठरलंय आणि परवा वहिनींचा फोन आलाच, "भावजी, गाडी तुमचीच हं." मी म्हटलं न्या, खुशाल न्या, पण हारबीर सगळे डिकीकडून लावा, आणि अक्षता टाकायच्या आधी नवरदेवाला सांगा, एसी आतल्या हवेवर कर.