भांड्यात निदान पाणी तरी घालून ठेवायचं होतं रे!

परवा रात्री आम्हा जुन्या रूममेट्सच्या ग्रुपवर एकाने जुना फोटो टाकला. नाशिकच्या कॉलेज रोडमागचा आमचा टू बीएचके, फरशीवर पसरलेला पेपर, मधोमध मॅगीचं पातेलं आणि त्यात चौघांचे चार चमचे. खाली लगेच सुरू झालं, "काय दिवस होते यार", "तसे दिवस परत नाहीत". मग निफाडवाल्याने जाहीर करून टाकलं की 2027 च्या कुंभाला सगळे तुझ्याकडेच येतो, घरच्यांना घेऊन, अगदी जुन्यासारखं.

जुन्यासारखं? डोकंच फिरलं माझं. ते पातेलं त्या रात्री कोणी घासलं हे त्या फोटोत दिसत नाही. मी घासलं. तीन वर्षं मीच घासत होतो.

भांडी घासायची मला लाज नाही आणि कंटाळाही नाही. मनमाडला घरी मी आणि ताई आलटून पालटून घासायचो. माझा राग पाण्यावरून आहे. जेवून उठलं की खरकट्या ताटात, कुकरमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, बस्स. नळ सिंकवरच आहे, हात लांब करायचा. तेवढंसुद्धा तिघांना तीन वर्षांत जमलं नाही! भात ताटाला सुकला की त्याचा डिंक होतो. पिठलं कढईत वाळलं की सिमेंट. आणि अंडाभुर्जीचा तवा दोन दिवस तसाच ठेवून बघा एकदा, उलथण्याने खरवडावा लागतो. पाच सेकंदांचं पाणी वाचवायचं आणि दुसऱ्याचा अर्धा तास खायचा, हा कुठला न्याय?

पाळ्या लावल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला होता. सटाण्याच्या पठ्ठ्याने शनिवार-रविवार स्वतःहून मागून घेतले, मला वाटलं किती समजूतदार मुलगा. महिन्याभराने लक्षात आलं की हा शुक्रवारी संध्याकाळीच सीबीएस बसस्टँडला जाऊन गावची एसटी पकडतो. चाळीसगाववाला म्हणायचा, मी ताट घेतलंच नव्हतं, मग मी का घासू? खरं होतं त्याचं, ताट घेतलं नव्हतं. सगळा भात त्याने कुकरमधूनच खाल्ला होता, आणि कुकर तसाच पलंगाखाली सरकवला होता.

मावशी लावून पाहिल्या. दीड महिना टिकल्या. सुट्टीवरून आम्ही परतलो त्या दिवशी त्यांनी कुकर उघडला. आत सुट्टीआधीचं वरण, वर बोटभर उंच पांढरी-हिरवी बुरशी, आणि रिंगला असा वास की खालच्या मजल्यावरच्या काकू वर विचारायला आल्या. मावशींनी झाकण परत लावलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "पोरांनो, पैशाचं नाही रे काही. पण निदान पाणी तरी घालून ठेवत जा." दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मी त्यांना एक शब्द बोललो नाही, त्यांचं बरोबरच होतं. तो कुकर मग कोणी घासला असेल?

आणि आता कुंभाचं ऐका, कारण ह्यांना तोच परत करायचाय.

2015 ची पहिली पर्वणी, 29 ऑगस्ट, शनिवार. चाळीसगाववाल्याचे नऊ पाहुणे शुक्रवारीच आले. बाहेरच्या गाड्या शहराबाहेर अडवलेल्या, रस्त्यारस्त्यांवर बॅरिकेड्स, बिचारे कितीतरी अंतर पिशव्या घेऊन चालत आले होते. पाहुण्यांवर माझा काडीचा राग नाही. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, माणसं रामकुंडावर डुबकी मारायला येणारच, आणि नाशकात राहणाऱ्याने त्यांना घोटभर चहा द्यायलाच पाहिजे. रात्री जेवणं झाल्यावर त्याच्या काकू पदर खोचून सिंकपाशी उभ्यासुद्धा राहिल्या. आणि हा काय म्हणाला? "राहू दे काकू, तो घासतो." तो म्हणजे मी! माझ्यासमोर! तेरा माणसांची भांडी!

एवढ्यावर थांबला असता तरी मी विसरलो असतो. पहाटे त्याने चहासाठी दूध तापत ठेवलं, माझ्या पातेल्यात. आजीचं पातेलं ते. तिला कोणीतरी लग्नात दिलेलं, काठाखाली तिचं नाव कोरलेलं. आईने मला नाशिकला पाठवताना दिलं होतं, "सांभाळ" एवढंच म्हणाली होती. दूध ठेवून हा गॅलरीत फोनवर बोलत बसला. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, आतून-बाहेरून काळं ठिक्कर. तरी चूक होते माणसाकडून, मान्य. पण याने ते पाणी न घालता, कोणाला न सांगता बाथरूममध्ये उलट्या बादलीखाली लपवून ठेवलं. मला सोमवारी वासावरून सापडलं.

खायचा सोडा घालून दोनदा उकळलं. चिंच लावली, मीठ लावलं, तारेच्या घासणीने बोटांची सालं निघाली. नावाच्या अक्षरांत जळलेली साय घट्ट बसली होती, ती सेफ्टी पिनने एकेक अक्षर कोरून काढली. दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हा हे तिघे बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत होते आणि मला हाक मारून विचारत होते, "जेवायला काय करायचं रे?" शेवटच्या अक्षराची वेलांटी अजून काळीच आहे. आईने ती पाहिली, बोटाने चाचपली आणि काही बोलली नाही. मला आजही ते आठवलं की घशाशी येतं.

म्हणून ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. कुंभाला या, घरच्यांना आणा, पाथर्डी फाट्याला आता स्वतःचं घर आहे, गाद्या आहेत. पण जेवलं की ज्याचं ताट त्याने उचलायचं, पाणी घालायचं आणि घासून पालथं ठेवायचं. बायकांनी आणि आयांनी नाही, तुम्ही तिघांनी. चहाला वेगळं पातेलं आणून ठेवीन. आजीचं माळ्यावर ठेवलंय, ते खाली निघणार नाही.