टबातलं वावर

सेन्सरी बिन म्हणजे एका पसरट टबात तांदूळ, डाळ, वाळू असलं काहीतरी भरायचं, त्यात चमचे, वाट्या, खेळणी टाकायची आणि लेकराला मनसोक्त हात घालू द्यायचे. ओतणं, उपसणं, चिवडणं यातून मेंदूला खुराक मिळतो म्हणतात. इथवर सगळं सोपं आहे. घोळ होतो तो थीमपाशी.

रील्समधल्या आया समुद्र करतात, अंटार्क्टिका करतात. झिरो माइलच्या गावात, नागपुरात, राहून समुद्र करणं मला ढोंगीपणाचं वाटलं. तान्हा पोळा तोंडावर आला होता, महाल भागात रस्त्याच्या कडेला लाकडी बैल मांडलेले दिसत होते, म्हणून मी शेत ठरवलं. आणि हे घरात मोठ्यानं बोलले. ऐकायला दोन माणसं होती: यवतमाळकडचे माझे सासरे, म्हणजे बाबा, आणि नातवासाठी भंडाऱ्याहून राहायला आलेली माझी आई.

"मग काळी माती पाहिजे," बाबा म्हणाले. "पऱ्हाटी, आन् मधात तुरीचे तास."

"धान पाहिजे," आई म्हणाली. "बांधीत पाणी, चिखल. पऱ्हाटी दाखवून लेकराला काय वाती वळायला बसवता, इवाईबुवा?"

"आन् चिखल दाखवून काय म्हैस करता त्याची, इहीनबाई?"

वैनगंगेच्या खोऱ्यात धान आणि पश्चिमेला कापूस, हे मी भूगोलात मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते आमच्या हॉलमध्ये येऊन भांडेल असं पुस्तकात नव्हतं. शेवटी टबाची वाटणी झाली. मधे पुठ्ठ्याची पट्टी उभी केली. तिला धुरा, म्हणजे शेताचा बांध, म्हणायचं, यावर मात्र दोघांचं लगेच जमलं.

आधी धान. कपभर तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि खायचा हिरवा रंग, पिशवीत घालून खळाखळा हलवायचं, पसरून वाळवायचं. व्हिनेगरनं रंग दाण्याला धरतो, हाताला लागत नाही. मी डब्याकडे हात नेला तशी आई डब्याच्या आडवी आली. आत चिन्नोर होता, तिनं गावाहून आणलेला, भौगोलिक मानांकनवाला. "चिन्नोरला रंग फासतेस? माय वो!" मग राशनचा तांदूळ निघाला. रेसिपीत 'रात्रभर वाळवा' असं लिहिलं होतं. लिहिणारी बाई श्रावणात नागपूरला आली नसावी. इथे मे महिन्यात ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो, आणि श्रावणात पापडसुद्धा घाम गाळतो. पंखा लावला तर धान उडून सोफ्याखाली गेलं, बंद केला तर घरभर व्हिनेगरचा वास. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "लोणचं घालून राहिली का?"

काळ्या मातीचं वेगळंच. पोरगं पावणेदोन वर्षांचं, जे दिसेल ते तोंडात, त्यामुळे माती खाता येईल अशी हवी. बिस्किटांचा चुरा आणि कोको. बाबांनी चिमूट उचलून बोटांत चोळली. "भुसभुशीत आहे. काळी माती अशी नसते. ती पायाला धरते." म्हणून थोडं तूप घातलं. मग बाबा खूश झाले, आणि मुंग्याही.

यापुढे माझ्याकडे सेन्सॉर बोर्डाचं काम आलं. कच्चा राजमा बाद, तो विषारी असतो. हरभरे बाद, नाकात गेले तर ओल धरून फुगतात. पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी तर घरातच नको, पोटात जाऊन आतडं अडवतात. आईनं कौतुकानं जपलेल्या गुंजा काढल्या, लाल-काळ्या, देखण्या. त्या जहाल विषारी असतात, म्हणून कुलूपबंद कपाटात गेल्या. कापसाचे बोळेही मी काढून घेतले. पिकाविना उरलेल्या वावराकडे बघून बाबा म्हणाले, "नापिकी." आई काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर बांधी तुडुंब भरली होती.

एवढ्या कापाकापीनंतर टबात उरलं हिरवं धान, तुपकट माती, एक मोठा चमचा, आणि चाकांवरचा लाकडी बैल. हा बैल खरा पाहुणा. नागपुरात तान्हा पोळा दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केला म्हणतात. पोट्टे सजवलेला नंदी घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, वसूल करतात.

उद्घाटनाला जुनी चादर अंथरली. चिरंजीव आले, बघितलं, आणि पहिल्या झटक्यात धुरा उपटला. ज्यावर दोघांचं एकमत होतं तेवढीच वस्तू. मग मातीत धान, धानात माती, दोन्ही चादरीच्या बाहेर. मी शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून बघत होते, कारण या वयाला टबापाशी एकटं सोडत नाहीत. पण शेतीत लक्ष त्याचं नव्हतंच. बाबा मांडी घालून तास ओढत होते, आई बोटानं एकेक दाणा रोवत होती, आणि दोघं एकमेकांना रोवणी (धानाची लावणी) आणि डवरणी (कोळपणी) शिकवत होती. पोरगं बैल काखोटीला मारून केव्हाच स्वयंपाकघराकडे निघालं होतं.

नवरा ऑफिसातून आला. दारातच हिरवे दाणे पायाखाली करकरले. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत," असं म्हणत त्यानं झाडू हातात घेतला. मारबतीला, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, अजून दोन दिवस होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याला जेवायचं आवतण देतात. बाबांनी संध्याकाळी ते साग्रसंगीत केलं. लाकडी खांद्याला तूप लावून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." नातवाकडूनही बोबडं म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा बेत. पानं वाढली, बाबांनी चित्राहुती घातली, आणि चिरंजिवांनी बैल शिंगांना धरून थेट त्यांच्या वरणाच्या वाटीत उतरवला. चाकांसकट. वरण ताटभर झालं, थोडं बाबांच्या धोतरावरही.

मी ओरडणार तोच बाबांनी हात वर केला. "थांब. आवतण दिलं होतं न आपण?"

"वरणात बैल, म्हणजे चिखलणी," आई म्हणाली. "धानाचीच झाली की नाही, इवाईबुवा?"

बाबांनी वाटी तिच्याकडे सरकवली. "मग रोवणी तुम्हीच करा."