उरलेलं कोण खातं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

घरातल्या अन्नाच्या नासाडीवर मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही हे तुम्ही सविस्तर लिहिलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की लग्नाच्या पंगती आणि सडणारी गोदामं सोडून मी घरातल्या दोन पोळ्यांच्या मागे लागलो आहे. त्या दोन पोळ्या वाचल्याने कुणा उपाशी माणसाचं पोट भरत नाही. आणि ‘आपल्या आज्या कणभरही वाया घालवत नसत’ असं मी कौतुकाने लिहिलं, पण ते उरलेलं कुणाच्या पोटात जायचं ते लिहिलं नाही. ‘सव्वीस वर्षं मी या घरात शिळं संपवते आहे, आता तुम्ही त्याला पर्यावरण म्हणता,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंत.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते वाचून मला माझी आई आठवली.

आमच्या घरी सकाळी सगळ्यांना गरम भाकरी मिळायची आणि आई रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खायची. तिला तसंच आवडतं, असं आम्ही भावंडं खुशाल सांगायचो. वडील गेल्यावर ती पुण्याला माझ्याकडे आली. त्याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तिने एकदाही दूध-शिळी भाकरी मागितलेली नाही. तव्यावरची भाकरी ताटात पडेपर्यंत ती जेवायला बसत नाही. आवडीचा प्रश्न कधी नव्हताच, हे मला पन्नाशीत कळलं, आणि तरीही लेख लिहिताना मी ते विसरलो. ज्या काटकसरीचं आपण कौतुक करतो ती कित्येक घरांत एकाच बाईच्या पोटावर चालत होती. तुमचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

पण म्हणून घरातली नासाडी हा विषयच सोडून द्यावा, असं मला वाटत नाही. उलट तुमच्या आक्षेपामुळेच तो नीट मांडता येतो. गेल्या वर्षी मी चार आठवडे ओट्याजवळ एक वही ठेवली होती. टाकलेली प्रत्येक गोष्ट लिहायची, आणि का टाकली तेही लिहायचं. मला वाटलं होतं, ताटातलं उष्टं जास्त निघेल. निघाली भाजी. पिवळी पडलेली मेथी, तळाशी काळी झालेली अर्धी जुडी कोथिंबीर, बुळबुळीत काकड्या. त्याखालोखाल भात. आता मंडईत रविवारी कोण जातं? मी. स्वस्त आणि ताजी दिसली म्हणून तीन पालेभाज्या एकदम कोण उचलतं? तोही मीच. ‘आज बाहेर जेवून येतोय’ असा निरोप साडेआठला, कुकर उतरल्यावर कोण देतं? मुलगा. आणि दुसऱ्या दिवशी डब्यात तो भात कोण नेतं? माझी बायको. वाया घालवणारे हात एकाचे आणि संपवणारं तोंड दुसऱ्याचं, हे त्या वहीने मला दाखवलं. तेव्हा नासाडी कमी करायची तर ती पिशवी भरताना आणि तांदूळ मोजताना करायला हवी. जेवणं झाल्यावर पातेल्यात जे उरतं ते कुणीतरी पदरात घ्यायचं, ही सोय झाली, उपाय झाला नाही.

आता गोदामं आणि पंगती. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार जगात काढणीपासून दुकानापर्यंत सुमारे १३ टक्के अन्न वाया जातं. त्यानंतर दुकानं, खानावळी आणि घरं मिळून आणखी १९ टक्के. २०२२ साली ही दुसरी नासाडी १०५ कोटी टन होती आणि तिच्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. त्यात साली, बिया, हाडंही धरलेली आहेत, हे सांगायला हवं, नाहीतर आकडा उगाच भीती घालतो. लग्नांबद्दल मात्र माझा तुमच्याशी काहीच वाद नाही.

पोळी वाचवून उपाशी माणसाचं पोट भरत नाही, हेही खरंच. माझ्या डब्यातली पोळी कुणापर्यंत पोचत नाही. पण टाकलेली पोळी पोचते. ती कचऱ्याच्या ढिगात दबते, तिथे हवा लागत नाही, ती हवेशिवाय कुजते आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. पुण्याचा हा ढीग वर्षानुवर्षं फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी सोसला. २०१७ साली तिथे आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. शिवाय ढिगापर्यंत जाण्याआधी आपला कचरा माणसांच्या हातांतून जातो. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून काम करते आहे, आणि तिच्यात बहुतेक बायकाच आहेत. कागद, प्लॅस्टिक विकून त्यांची कमाई होते. आपण आमटीचं पातेलं सुक्या कचऱ्यात उलटं केलं की तो कागद भिजतो, त्याची किंमत जाते आणि आंबलेल्या वासात हात घालून निवडायचं काम त्यांच्या वाट्याला येतं. ‘दोन पोळ्यांनी काय होतं’ याचं उत्तर मला यांच्याकडे बघून मिळतं.

काहींनी खाली विचारलंय की सोसायटीत खतखड्डा असेल तर वाया गेलेलं चालतं का. खड्डा हवाच. पण किलोभर तांदळामागे शेतात काही हजार लिटर पाणी गेलेलं असतं, ते खत होऊन परत येत नाही.

आणखी एक. ‘आमच्याकडे उरलेलं मावशींना देतो’ हे मीही अभिमानाने सांगत असे. आता आम्ही विचारून देतो, आपण जेवायच्या आधी, त्याच दिवशीचं. जे आपण उद्या खाणार नाही ते दुसऱ्याच्या डब्यात घालणं म्हणजे तुमच्यावर झालेला अन्याय आणखी एका बाईवर ढकलणं आहे.

शिळ्याने पोट बिघडतं, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंत. भाताच्या बाबतीत ते अगदी खरं आहे आणि माझ्या लेखातली ती चूक गंभीर होती. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही टिकतात, कोमट भातात रात्रभर वाढतात आणि त्यांचं विष फोडणी दिली तरी जात नाही. रात्री झाकून ओट्यावर ठेवलेल्या भाताला सकाळी फोडणी द्या, असं मी सांगायला नको होतं. भात उरला तर परातीत पसरून लवकर गार करावा, तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकावा, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

आमच्याकडे आता संध्याकाळी सहापर्यंत घरातल्या ग्रुपवर कळवायचं, रात्री जेवायला कोण आहे. तांदूळ मुलगा मोजतो, वाटीने. रविवारी मी मंडईत दोनच पालेभाज्या घेतो आणि तिसरी हवीच असेल तर बुधवारी कोपऱ्यावरच्या गाडीवरून. फ्रिजमधलं उरलेलं कुणी खायचं ते वारांप्रमाणे ठरलंय. मंगळवार आणि शुक्रवार माझे. आईचा वार ठेवलेला नाही.

मूळ लेखातला भाताचा परिच्छेद आज बदलला आहे आणि तसा उल्लेखही तिथे केला आहे. ‘गृहिणीने थोडं लक्ष दिलं तर’ असं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं. आज्यांचा परिच्छेद तसाच ठेवला आहे, पण त्याखाली तुमचं सव्वीस वर्षांचं वाक्य, तुमची हरकत नसेल तर, जसंच्या तसं घालायचं आहे. तुमच्या होकाराची वाट पाहतो.