अपडेट आलंय, दाबू काय?

टीव्हीच्या पाठीमागे दुहेरी टेपनं चिकटवलेला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), त्यात लिबरइलेक (नुसता कोडी चालवायला बनवलेली प्रणाली), त्यावर कोडी (व्हिडिओ लावणारं सॉफ्टवेअर) आणि शेजारी एक हार्ड डिस्क. एवढ्या सामानावर आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावातलं एखादं घर वर्षभर सुखानं नाटकं, भजनं आणि लग्नाचे व्हिडिओ बघू शकतं. अट एकच. पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची पट्टी येते त्या क्षणी रिमोट घरातल्या हौशी माणसाच्या हातात नसावा. असा माणूस घरटी एक असतो. आमच्या घरात ते पद माझ्याकडे आहे, त्यामुळे पुढचं सगळं अधिकारवाणीनं सांगतो.

पहिला प्रश्न: अपडेट कुणाचं आलंय? अ‍ॅडऑनचं, म्हणजे कोडीला वरून लावलेल्या जोडकामाचं, की खुद्द कोडीचं? अ‍ॅडऑनचं असेल तर घाबरायचं कारण नाही. फार तर तेवढं एक रुसेल. त्याच्या माहितीच्या पानावर जाऊन 'व्हर्जन्स' उघडायचं, कालपर्यंत चालत होता तो आकडा निवडायचा, संपलं. जुना आकडा मुद्दाम निवडला की त्या अ‍ॅडऑनचं आपोआप अपडेट होणं कोडी स्वतःच थांबवतो. त्याला एवढी समज आहे. आपल्याला असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅडऑन्स या वाटेनं जाऊन 'आपोआप बसव' ऐवजी 'नुसतं कळव' हा पर्याय आधीच निवडून ठेवायचा. घरी पाहुणे यायच्या दिवशी तर नुसतं कळवलेलंही वाचायचं नाही.

कोडीचं मोठं अपडेट मात्र घरात भांडण लावतं. २०२१ च्या फेब्रुवारीत कोडी १८ चा १९ झाला आणि अ‍ॅडऑन ज्या संगणकी भाषेत लिहितात, तो पायथन २ जाऊन पायथन ३ आला. ज्या अ‍ॅडऑनच्या कर्त्यानं लिहिणं सोडून दिलं होतं, ते अ‍ॅडऑन त्या दिवशी वारलं. चिन्ह दिसतं, नाव दिसतं, दाबलं की काही होत नाही. मग घरात निदानं सुरू होतात. मामा म्हणतात, "केबलवाल्याला फोन लाव." केबल काढून तीन वर्षं झाली असली तरी मामा हेच म्हणतात. आज्जी म्हणते, "ते गोल फिरालंय, फिरालंय, येईनाच की!" खरं तर एवढ्या मंडळींत अचूक निरीक्षण तिचंच असतं.

ज्याला विचारायचं त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणजे लॉग, कोडीची रोजनिशी. लॅपटॉपवरून नेटवर्कमध्ये लिबरइलेकचं चिन्ह उघडलं की आत 'लॉगफाइल्स' नावाचा फोल्डर असतो. तो उघडला की सगळे लॉग एकत्र बांधून ताजी झिप तयार होते. तिच्यातला 'कोडी डॉट लॉग' घ्यायचा आणि 'एरर' हा शब्द शोधायचा. अवलंबित्व पूर्ण झालं नाही (म्हणजे अ‍ॅडऑनला लागणारी वस्तू मिळाली नाही), 'एक्सबीएमसी डॉट पायथन' हवा होता, अशी ओळ तिथं दिसेल. त्या ओळीतला आकडा बघा. २.२५.० असला तर अ‍ॅडऑन जुनं आहे आणि त्याला माती द्यायची वेळ आली आहे. ३.०.० असला तर अ‍ॅडऑन नवं आहे आणि जुना तुमचा कोडी आहे. एका आकड्यात दोषी कोण ते कळतं, आणि तरी माणसं केबलवाल्याला फोन लावतात.

'एक्सबीएमसी' हे कोण, असं विचाराल तर कोडीचंच पूर्वीचं नाव. २०१४ साली त्याचं बारसं पुन्हा झालं, आणि त्याच साली १ नोव्हेंबरला आमच्या गावाचंही. दोन्हीकडे पाट्या नव्या लागल्या, आतला व्यवहार जुन्याच नावानं चालतो.

काही हुशार मंडळी अ‍ॅडऑनची झिप उघडून 'अ‍ॅडऑन डॉट एक्सएमएल' मधला २.२५.० खोडून ३.०.० करतात. त्यानं कोडीची समजूत पटते, पायथनची पटत नाही. जुन्या लिखाणात 'प्रिंट' पुढं कंस नसतो, पायथन ३ ला तो लागतोच. पहिल्या अशा ओळीवरच गाडी थांबते, आणि आता लॉगमध्ये नव्या प्रकारची शिवी असते.

व्हिडिओ चालवणाऱ्या सेवांचं दुखणं निराळं. त्यांना 'इनपुटस्ट्रीम अ‍ॅडॅप्टिव्ह' हे आणखी एक अ‍ॅडऑन लागतं आणि हे पायथनचं नव्हे, कोडीच्या त्या त्या आवृत्तीसाठी आणि त्या त्या प्रोसेसरसाठी बांधलेलं असतं. १९ चं २० ला चालत नाही. मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली झिप तर कशालाच चालत नाही. लिबरइलेक असेल तर ते त्याच्याच भांडारातून (अ‍ॅडऑन्सच्या नेटवरच्या साठ्यातून) घ्यायचं, उबुंटूवर कोडी असेल तर उबुंटूच्या पॅकेजमधून.

आता खास आपल्या भागाचं दुखणं. खानापूरच्या बाजूला पाऊस धरला की वीज जाते, येते, पुन्हा जाते. रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. वीज आली की पाय झटकन उठतो, राउटर मात्र डोळे चोळत बसतो. नेट नाही म्हणून पायला खरी वेळ मिळत नाही, तो जुन्याच तारखेत जागा होतो. त्या तारखेला सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र कधी कधी जन्मालाच आलेलं नसतं. भांडाराशी जोडता आलं नाही, असा निरोप येतो आणि लॉगमध्ये लिहिलेलं असतं, 'प्रमाणपत्र अजून वैध नाही'. हौशी माणूस ते न वाचता सगळी अ‍ॅडऑन उडवून परत बसवायच्या तयारीला लागतो.

एवढ्यात शेजारचे अण्णा डोकावतात. कॅम्पातल्या इलेक्ट्रिशियनपासून बँकेच्या साहेबापर्यंत सर्वांना माहीत असलेला कानडी उपचार ते सुचवतात: "ऑफ माडी, ऑन माडी." बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत! कारण एव्हाना राउटर जागा झालेला असतो, पायला वेळ मिळते, प्रमाणपत्र वैध ठरतं. पण हे कारण ऐकायला कोण थांबतंय? अण्णांची गल्लीतली किंमत वाढते, कुंद्याचा पहिला तुकडा त्यांना जातो आणि लॉग वाचणारा माणूस कोपऱ्यात उभा राहतो. यावर कायमचा इलाज लिबरइलेकच्या सेटिंग्जमध्ये, नेटवर्कखाली आहे: 'कोडी सुरू करण्याआधी नेटवर्कची वाट बघ'. तिथं तीस सेकंद द्या. अण्णांना सांगू नका.

विजेचाच दुसरा भाग म्हणजे चार्जर. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. घरातला जुना मोबाईल चार्जर लावला की पडद्यावर पिवळी वीज चमकते. ती सजावट नव्हे, व्होल्टेज पडल्याची तक्रार आहे. त्यात हार्ड डिस्कही पायच्याच यूएसबीवर असेल तर ती अपडेटच्या मधोमध मान टाकते.

मोठ्या अपडेटनंतरचा पहिला प्रारंभ संथ असतो, आणि इथंच बहुतेक घरं बुडतात. कोडी व्हिडिओंची जुनी यादी मोडत नाही, तिच्यावरून नवी बनवतो. कोडी २० मध्ये फाइल 'मायव्हिडिओज १२१' असते, २१ मध्ये 'मायव्हिडिओज १३१'. (सीमाभागातल्या माणसाला १३१ म्हटलं की घटनेतलं कलम १३१ आठवतं. त्याखाली महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा अजून निकालाची वाट बघतोय. कोडीचं १३१ त्या मानानं लवकर उरकतं, यादी मोठी असली तर काही मिनिटं.) तेवढी मिनिटं पडदा गप्प असतो. गप्प पडदा बघून मामा प्लग ओढतात. अर्धी लिहिलेली यादी, पायचं खराब झालेलं मेमरी कार्ड, आणि वर "बघ, काढून लावलं तरी होईना."

पडदा काळाच राहिला तर दोष बहुधा बाहेरून आणलेल्या स्किनचा (पडद्याच्या रूपाचा) किंवा एखाद्या अ‍ॅडऑनचा असतो. लॅपटॉपवरून एसएसएचनं (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीनं) आत जाऊन कोडी थांबवायचा, 'डॉट कोडी' या फोल्डरचं नाव बदलून 'डॉट कोडी डॉट ओल्ड' करायचं, कोडी पुन्हा सुरू करायचा. कोरा, एस्ट्युअरी या मूळच्या स्किनचा कोडी उभा राहिला म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. मग जुन्या फोल्डरातून एकेक वस्तू परत आणायची आणि कुठल्या वस्तूनं पुन्हा काळोख होतो ते बघायचं. सगळं एकदम परत ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. काळोखही एकदमच परत येतो.

बॅकअपची सोय लिबरइलेकच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टीमखाली आहे. पण ती टार फाइल (सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) त्याच कार्डावरच्या बॅकअप फोल्डरात पडते. लॅपटॉपवर उतरवून घेतली नाही तर कार्डासोबत तीही जाते. शिवाय हार्ड डिस्क सुटलेली असताना 'लायब्ररी साफ कर' दाबू नये. हा स्रोत सापडत नाही, त्यातल्या नोंदी काढू का, असं कोडी नम्रपणे विचारतो. चहाच्या नादात 'हो' म्हटलं की आज्जीनं कुठलं कीर्तन कुठपर्यंत बघितलं होतं ही नोंद गेली. कीर्तन डिस्कवर शाबूत असतं, पण आज्जी पहिल्यापासून सुरू करते.

दुरुस्ती झाली की सेटिंग्ज, सिस्टीम, लॉगिंग इथं जाऊन 'डीबग लॉगिंग' (तपासणीसाठी चालू केलेली बारीकसारीक नोंद) आठवणीनं बंद करायचं. नाहीतर लॉग फुगत जातो आणि पडद्याच्या वरच्या काठावर मोकळ्या मेमरीचे आकडे सारखे हलत राहतात. मामा चष्मा वर करून ते बराच वेळ वाचतात आणि मग विचारतात, "विकेट किती पडल्यात रे?"