प्रतिस्पर्ध्यांची विजेतेपदे मोजून स्पर्धेची ताकद ठरत नाही

बडोद्यातल्या मराठी क्रीडाप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या गोल्फविषयीचा एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जॅक निकलस यांनी १८ मेजर स्पर्धा (मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात) जिंकल्या त्या अर्नोल्ड पामर (७), गॅरी प्लेअर (९), ली ट्रेव्हिनो (६) आणि टॉम वॉटसन (८) यांच्यासारख्या दिग्गजांशी झुंजून, टायगर वुड्स यांच्या १५ मेजरच्या काळात मात्र समोर फिल मिकेलसन (६), अर्नी एल्स (४), विजय सिंग (३) आणि पॅड्रेग हॅरिंग्टन (३) एवढेच होते. तीस विरुद्ध सोळा, म्हणून निकलस यांच्या काळातील स्पर्धा जवळजवळ दुप्पट कठीण होती, असा निष्कर्ष त्यातून काढलेला आहे. त्याला जोड म्हणून आणखी तीन विधाने येतात : हल्ली कोणीही अनोळखी खेळाडू मेजर जिंकून जातो, वॉटसन ५९ व्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकता जिंकता राहिले, यावरून आजच्या खेळाडूंची पातळी कळते, आणि पैशाच्या सुकाळामुळे आजच्या खेळाडूंमध्ये जिंकण्याची भूक उरलेली नाही.

मजकुरातले आकडे बरोबर आहेत. निकलस यांच्याविषयी मला अत्यंत आदर आहे, आणि दोघांत श्रेष्ठ कोण हा निवाडा मला येथे करायचा नाही. आक्षेप आहे तो त्या आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षावर, कारण या पद्धतीने कोणत्याच खेळातील कोणत्याच दोन काळांची तुलना योग्य होणार नाही.

प्रथम तीस या बेरजेकडे पाहू. निकलस १९६१ च्या अखेरीस व्यावसायिक झाले. पामर यांच्या सातपैकी चार मेजर (१९५८ व १९६० ची मास्टर्स, १९६० ची यूएस ओपन, १९६१ ची ब्रिटिश ओपन) आणि प्लेअर यांच्या नऊपैकी दोन (१९५९ ची ब्रिटिश ओपन, १९६१ ची मास्टर्स) त्यापूर्वीच्या आहेत. दुसऱ्या टोकाला, १९८० मध्ये निकलस यांची सतरावी मेजर झाल्यानंतर वॉटसन यांनी चार आणि ट्रेव्हिनो यांनी एक जिंकली. म्हणजे तीसपैकी अकरा विजेतेपदे निकलस यांच्या भरभराटीच्या काळाच्या अलीकडची किंवा पलीकडची आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे चौघे एकाच वेळी ऐन भरात कधीच नव्हते. पामर यांची शेवटची मेजर १९६४ ची, ट्रेव्हिनो यांची पहिली १९६८ ची आणि वॉटसन यांची पहिली १९७५ ची. तोवर निकलस यांच्या नावावर तेरा मेजर जमा झालेल्या होत्या. चार वेगवेगळ्या टप्प्यांवर आलेले प्रतिस्पर्धी एका ओळीत लिहिले की ते एकाच वेळी अंगावर चालून आल्यासारखे भासतात, पण प्रत्यक्षात निकलस यांच्यासमोर एका वेळी यांपैकी फार तर दोघे-तिघे उभे असत.

दुसरा दोष उरलेल्या जागांचा आहे. प्रतिस्पर्ध्यांनी किती मेजर जिंकल्या हे प्रमुख खेळाडूने त्यांच्यासाठी किती शिल्लक ठेवल्या यावरही अवलंबून असते. जून १९६२ ते ऑगस्ट १९८० या काळात ७५ मेजर झाल्या, त्यांपैकी १७ निकलस यांनी जिंकल्या आणि ५८ इतरांना मिळाल्या. वुड्स यांच्या ऐन भराच्या काळात, म्हणजे ऑगस्ट १९९९ ते जून २००८ या अवधीत, ३५ मेजर झाल्या, त्यांतल्या १३ वुड्स यांनी घेतल्या आणि इतरांना उरल्या अवघ्या २२. वुड्स यांनी मिकेलसन आणि एल्स यांना वारंवार मागे टाकले, हे त्या दोघांच्या दुबळेपणाचे लक्षण मानायचे, तर ज्याने जास्त हरवले त्याच्याच विजयांची किंमत कमी करण्यासारखे ते होईल.

तिसरा दोष मला सर्वांत मूलभूत वाटतो. विजेतेपदे थोड्या जणांत एकवटली की स्पर्धा कठीण होती असे मानायचे, तर ब्रिटिश ओपनचे पहिले दशक इतिहासातले सर्वांत कठीण ठरेल. १८६० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे झालेल्या पहिल्या ओपनमध्ये आठ खेळाडू होते आणि ३६ होलची ती स्पर्धा एका दिवसात संपली. १८६० ते १८७० या अकरा वर्षांच्या अकरा स्पर्धा केवळ चौघांनी जिंकल्या : विली पार्क, थोरले टॉम मॉरिस, अँड्र्यू स्ट्रॅथ आणि धाकटे टॉम मॉरिस. मजकुराचा निकष लावला, तर वडील टॉम आणि पार्क यांच्यासारखे चार-चार वेळचे विजेते समोर असलेल्या धाकट्या टॉमने झेललेली स्पर्धा निकलस यांच्यापेक्षाही खडतर म्हणावी लागेल. हा निष्कर्ष कोणी मान्य करणार नाही, कारण तेव्हा जिंकण्याच्या लायकीचे खेळाडूच मूठभर होते हे सर्वांना ठाऊक आहे.

बडोदेकरांना हे समजण्यासाठी स्कॉटलंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत रणजी करंडक तीनच संघांनी जिंकला : होळकर चार वेळा, मुंबई तीन वेळा आणि बडोदा दोन वेळा. १९४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेल्या ५७७ धावांच्या भागीदारीचा अभिमान येथे पिढ्यानपिढ्या सांगितला जातो, आणि तो सार्थच आहे. परंतु त्या काळी विजेतेपदे तिघांतच फिरत राहिली याचे एक मोठे कारण म्हणजे संस्थानांचा राजाश्रय आणि मुंबईतील क्लबांची व्यवस्था यांमुळे उत्तम खेळाडू मोजक्या संघांत गोळा झाले होते. विदर्भ, सौराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश यांनी गेल्या दशकात रणजी जिंकली म्हणून स्पर्धा सोपी झाली असे कोणी म्हणत नाही. उलट कोणत्याही फेरीत कोणताही संघ घात करू शकतो, हीच आजची अडचण आहे.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. प्रतिस्पर्ध्यांची विजेतेपदे कमी असणे हा स्पर्धा कठीण असल्याचा पुरावाही होऊ शकत नाही. आघाडीचे खेळाडू सामान्य असले तरी विजेतेपदे विखुरतात आणि मधल्या फळीतले खेळाडू उत्तम असले तरीही विखुरतात. त्यामुळे हा आकडा बाजूला ठेवून दुसरीकडे पाहावे लागते : स्पर्धेत उतरण्याची संधी कोणाला होती आणि ते कोठून येत होते.

मजकुरातले ‘अनोळखी विजेत्यांचे’ विधान येथेच तपासता येते. २००२ ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकणारे रिच बीम, २००३ चे विजेते बेन कर्टिस व शॉन मिकील यांची नावे त्यासाठी पुढे केली जातात. पण ओरव्हिल मूडी यांनी १९६९ ची यूएस ओपन जिंकली, आणि पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, तो त्यांचा एकमेव विजय ठरला. १९५५ च्या यूएस ओपनमध्ये तर आयोवा राज्यातील सार्वजनिक मैदानावर काम करणारे जॅक फ्लेक यांनी प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक लढतीत) खुद्द बेन होगन या त्या काळच्या दिग्गजाला हरवले. असे विजेते प्रत्येक काळात झालेले आहेत. आपल्याला जुन्यांची नावे आठवत नाहीत एवढेच.

बदलले आहे ते वेगळेच. अमेरिकेत होणाऱ्या तीन मेजरचे, म्हणजे मास्टर्स, यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपचे विजेते मी वर्षवार मोजले. १९६० ते १९७९ या वीस वर्षांतील ६० स्पर्धांपैकी अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंनी आठ जिंकल्या, आणि त्या आठही केवळ तिघांच्या : प्लेअर यांच्या सहा, टोनी जॅकलिन यांची एक, डेव्हिड ग्रॅहॅम यांची एक. २००० ते २०१९ या वीस वर्षांतील तशाच ६० स्पर्धांपैकी २४ अमेरिकेबाहेर गेल्या आणि त्या अठरा वेगवेगळ्या खेळाडूंनी जिंकल्या. फिजी, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, आयर्लंड, स्पेन, जर्मनी, दक्षिण कोरिया असा त्यांचा पसारा आहे. दक्षिण कोरियाचे यांग यांनी २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वुड्स यांना मागे टाकले, तोवर शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना वुड्स यांनी एकही मेजर गमावली नव्हती.

पूर्वी बाहेरचे खेळाडू नव्हते असे नाही, पण येणे-जाणेच अवघड होते. होगन आयुष्यात एकदाच, १९५३ मध्ये, ब्रिटिश ओपन खेळले आणि जिंकले. त्याच वर्षी तारखांच्या गुंत्यामुळे त्यांना पीजीए चॅम्पियनशिप खेळता आली नाही. १९६० मध्ये पामर ब्रिटिश ओपनसाठी सेंट अँड्र्यूजला गेले तेव्हा अमेरिकेचे आघाडीचे खेळाडू तिकडे क्वचितच फिरकत, कारण पात्रता फेरी सर्वांनाच खेळावी लागे आणि बक्षिसातून प्रवासखर्चही भरून निघत नसे. रायडर चषक या सांघिक स्पर्धेत ब्रिटनचा संघ अमेरिकेपुढे इतका कमी पडू लागला की १९७९ पासून त्यात युरोपातील खेळाडूंना घेण्यात आले, आणि ही सूचना करणाऱ्यांत स्वतः निकलस होते. आपल्या काळात अमेरिकेबाहेरची स्पर्धा पुरेशी नाही हे त्यांनीच ओळखले होते.

अमेरिकेच्या आतही दार सर्वांना उघडे नव्हते. पीजीए ऑफ अमेरिका या व्यावसायिक गोल्फ खेळाडूंच्या संघटनेच्या नियमांत १९३४ पासून १९६१ पर्यंत केवळ गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारे कलम होते. मास्टर्समध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर यांना १९७५ साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर निकलस यांनी चार मास्टर्स जिंकल्या होत्या. हा निकलस यांचा दोष मुळीच नाही, परंतु जे खेळूच शकले नाहीत त्यांना वगळून ‘सर्वांत कठीण स्पर्धा’ असा शिक्का मारता येत नाही.

आपल्याकडेही तेच होते. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान १९३० च्या दशकात संस्थानच्या युरोपीय पाहुण्यांसाठी तयार झाले आणि नूतनीकरण होऊन सर्वांना खुले झाले ते १९९० च्या दशकात. निकलस जिंकत होते त्या वर्षांत दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या मुलाच्या हातात कितीही कौशल्य असते, तरी ते कोणाला कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे जीव मिल्खा सिंग २००७ मध्ये मास्टर्स खेळले, अर्जुन अटवाल यांनी २०१० मध्ये पीजीए टूरवर विजय मिळवला आणि अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवे आले. मेजर जिंकण्याची शक्यता असलेल्या माणसांचा साठा जगभर वाढला, त्याचा हा आपल्या बाजूचा भाग आहे.

वॉटसन यांच्या दाखल्याला फार वेळ द्यावा लागणार नाही. २००९ मध्ये टर्नबेरी येथील ब्रिटिश ओपनमध्ये ते शेवटचा होल ‘पार’मध्ये, म्हणजे त्या होलसाठी ठरवलेल्या फटक्यांत, पूर्ण करू शकले असते तर विजेते ठरले असते. प्लेऑफमध्ये ते स्ट्युअर्ट सिंक यांच्याकडून हरले. ज्या मैदानावर त्यांनी १९७७ मध्ये निकलस यांना एका फटक्याने हरवले होते, त्याच ओळखीच्या, वाऱ्याच्या आणि कठीण जमिनीच्या मैदानावरचा तो एक आठवडा होता. त्यावरून २००९ ची पातळी हलकी ठरत असेल, तर १९७४ च्या पीजीए चॅम्पियनशिपकडेही पाहावे लागेल. तेथे ट्रेव्हिनो पहिले, निकलस दुसरे आणि ६२ वर्षांचे सॅम स्नीड तिसऱ्या स्थानावर बरोबरीत होते. मजकूर ज्याला सुवर्णकाळ म्हणतो त्याच्या ऐन मध्यावरची ही घटना आहे.

भुकेच्या मुद्द्याविषयी एवढेच सांगतो. १९६२ मध्ये निकलस यांची व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिली कमाई ३३ डॉलर ३३ सेंट होती हे खरे आहे, पण ते ओहायोतील एका औषधविक्रेत्याचे चिरंजीव होते, पोटासाठी खेळणारे नव्हते. गरिबीतून वर आले ते ट्रेव्हिनो. बक्षिसे तुटपुंजी असल्याचा खरा परिणाम असा की बहुतेकांना क्लबमध्ये नोकरी करून, सभासदांना शिकवून, उरलेल्या वेळात स्पर्धा खेळाव्या लागत. पीजीए चॅम्पियनशिपमध्ये अशा क्लब प्रोफेशनलांचा भरणा पूर्वी बराच मोठा असे. आज १५६ पैकी त्यांच्यासाठी २० जागा आहेत. पैसा आला तेव्हा पूर्णवेळ सराव करणाऱ्यांची संख्या वाढली आणि तेवढी चुरसही वाढली.

वुड्स यांच्या चाहत्यांनीही या वादात एक चुकीचे हत्यार वापरू नये, आणि ते म्हणजे धावफलकावरची फटक्यांची बेरीज (गोल्फमध्ये सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो). लाकडी डोक्याच्या क्लबांची (गोल्फच्या काठ्यांची) जागा धातूने घेतली, २००० नंतर दोरा गुंडाळलेला चेंडू मागे पडून घन गाभ्याचा चेंडू आला, आणि १९९७ मध्ये ६,९२५ यार्ड लांबीचे ऑगस्टाचे, म्हणजे मास्टर्सचे, मैदान आज ७,५०० यार्डांहून लांब आहे. त्यामुळे फटक्यांची थेट तुलना निरर्थक आहे. त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर इतरांपेक्षा किती पुढे, हे मात्र पाहता येते. २००० च्या यूएस ओपनमध्ये वुड्स १५ फटक्यांनी जिंकले. त्यापूर्वी मेजरमधील सर्वांत मोठा फरक १३ फटक्यांचा होता, तो थोरल्या टॉम मॉरिस यांचा, १८६२ चा, जेव्हा खेळाडू बोटांवर मोजण्याइतके होते.

हीच कसोटी निकलस यांना लावली तर त्यांचे मोठेपण मजकुरातल्या बेरजेपेक्षा कितीतरी भक्कम पायावर उभे राहते, आणि नेमकी तीच माहिती त्या मजकुरात नाही. मेजरमध्ये ते १९ वेळा दुसरे आले. वुड्स यांच्या बाबतीत हा आकडा ७ आहे. १९६६ ते १९८० या सलग पंधरा वर्षांत ब्रिटिश ओपनमध्ये ते सहाव्या स्थानाच्या खाली एकदाही गेले नाहीत.